फिनलंडचे २९,१३३ सिगरेटवाले आणि बाबांची बाटली

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. रेकॉर्डिंगमध्ये मी तीन-चार ठिकाणी अडखळलोय आणि एकदा कुकरची शिट्टी आलीय, तेवढं काढून टाकलंय. बाकी जवळपास जसंच्या तसं.

दिवाळीत नाशिकला घरी गेलो होतो. रात्री जेवण झालं की बाबा त्यांचा गोळ्यांचा स्टीलचा डबा काढतात. त्यात बीपीची एक गोळी, कोलेस्टेरॉलची एक, रक्त पातळ राहण्यासाठी एक. आणि डब्यात मावत नाही म्हणून शेजारी ठेवलेली एक मोठी प्लास्टिकची बाटली. ती बाटली मी लगेच ओळखली, कारण ती मीच पाठवली होती. बाबांच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला, ऑनलाइन, दोनवर एक फ्री. वर लिहिलेलं, 'चाळिशीपुढच्या पुरुषांसाठी अँटिऑक्सिडंट'. आत बीटा-कॅरोटिन, व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी, सेलेनियम, झिंक.

बाबांनी पंचवीस वर्षं सिगरेट ओढली. सहा वर्षांपूर्वी छातीत कळ आली, स्टेंट बसला आणि सिगरेट सुटली. मला आपलं वाटलं, इतक्या वर्षांचा धूर आत साठलाय, तो धुऊन काढायला काहीतरी द्यावं. चांगल्या मनानं दिलं होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगतो.

आणि त्याच आठवड्यात मी या पॉडकास्टसाठी लिनस पाउलिंगवर वाचत होतो. त्याच्या मागे मागे जाता जाता १९८५ सालच्या फिनलंडमध्ये पोचलो. तिथं मला माझे बाबाच भेटले. म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, वर्षानुवर्षं सिगरेट ओढणारे पुरुष. हजारोंनी. आणि प्रत्येकाच्या हातात तीच गोळी.

आधी हे अँटिऑक्सिडंट प्रकरण काय आहे ते बघू. शब्द जड आहे, गोष्ट घरातली आहे. दिवाळीच्या चिवड्याचा डबा महिनाभर तसाच राहिला तर आतलं खोबरं खवट लागतं. का? खोबऱ्यातल्या तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते. एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की एक रेणू दुसऱ्याला बिघडवतो, दुसरा तिसऱ्याला. ही साखळी मध्येच तोडणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये शार्ल मुरू आणि शार्ल द्युफ्रेस या दोन रसायनशास्त्रज्ञांनी अशा पदार्थांचा नीट अभ्यास केला. नंतर ते रबरात आले, पेट्रोलमध्ये आले, तेलात आणि वेफर्सच्या पुड्यातही आले. म्हणजे सुरुवातीला हा शब्द कारखान्यातला होता. माल टिकवण्याचा.

तो माणसाच्या शरीरात कसा शिरला? त्याचं श्रेय जातं डेन्हम हार्मन या अमेरिकन माणसाला. हा शेल तेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होता. डिसेंबर १९४५ मध्ये बायकोनं त्याला एका महिला मासिकातला लेख दाखवला. विषय होता, माणसाचं म्हातारपण थांबवता येईल का. तो किडा डोक्यात बसला, आणि पुढे या पठ्ठ्यानं नोकरी सोडून मेडिकलला प्रवेश घेतला. नोव्हेंबर १९५४ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत बसलेला असताना त्याला सुचलं, की तेल ज्यामुळे खवट होतं, रबर ज्यामुळे तडकतं, त्याच 'फ्री रॅडिकल्स'मुळे माणूस म्हातारा होत असेल. १९५६ मध्ये त्यानं ते छापलं. मग उंदरांना अँटिऑक्सिडंट खाऊ घालून बघितलं. काही उंदीर सरासरीनं जास्त जगले, पण जास्तीत जास्त आयुष्याची मर्यादा काही हलली नाही. ही दुसरी ओळ पुढे फारशी कुणी वाचली नाही.

पाउलिंगवर एक स्वतंत्र भाग करणारच आहे, म्हणून इथं थोडक्यात. दोन नोबेल, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. कुणाबरोबर वाटून न घेता दोन नोबेल मिळवणारा हा एकटाच. १९६६ मध्ये अर्विन स्टोन नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाचं त्याला पत्र आलं, रोज ३ ग्रॅम व्हिटॅमिन सी घ्या, आणखी बरीच वर्षं जगाल. पाउलिंगनं घेतलं, बरं वाटलं, आणि १९७० मध्ये सर्दीवर पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानांतून व्हिटॅमिन सी संपायला लागलं. पुढे तो म्हणायला लागला की कॅन्सरवरही याचा उपयोग होतो. मेयो क्लिनिकनं दोनदा नीट तपासलं, १९७९ मध्ये आणि १९८५ मध्ये. दोन्ही वेळा फायदा शून्य. पण तोपर्यंत 'एवढा मोठा माणूस सांगतोय' हे लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं.

पाउलिंगचं सोडा. मला धक्का बसला तो बीटा-कॅरोटिनच्या गोष्टीत, कारण तिथं कुणी हेकेखोर नव्हता. सगळी सावध, शहाणी माणसं होती.

बीटा-कॅरोटिन म्हणजे गाजराचा केशरी रंग. आंबा, पपई, लाल भोपळा, पालक, शेपू, सगळ्यात असतं. शरीर त्यातून व्हिटॅमिन ए बनवतं. १९७० च्या दशकात ठिकठिकाणच्या पाहण्यांत एकच गोष्ट दिसत होती. जे लोक भाज्या-फळं जास्त खातात, ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त सापडतं, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लेख लिहिला. आहारातल्या बीटा-कॅरोटिनमुळे माणसांतलं कॅन्सरचं प्रमाण खरंच कमी होईल का, असा तो प्रश्न होता. लक्षात घ्या, प्रश्न. सिगरेट आणि कॅन्सरचं नातं सिद्ध करणाऱ्या रिचर्ड डॉलबरोबर ज्यानं आयुष्य काढलं, तो हा पेटो. त्याचं म्हणणं असं, की हे तपासून बघा.

तपासायला जागा निवडली फिनलंड. तिथल्या पुरुषांमध्ये सिगरेटचं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण भरपूर होतं. शिवाय देशातल्या प्रत्येक कॅन्सरची सरकारी नोंद होत होती, म्हणजे कुणी नजरेतून सुटणार नाही. अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्था आणि फिनलंडची सार्वजनिक आरोग्य संस्था एकत्र आल्या. नैऋत्य फिनलंडमधले ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष निवडले. सगळे सिगरेट ओढणारे, सरासरी दिवसाला वीस. म्हणजे रोज एक पाकीट, तेही साधारण छत्तीस वर्षं.

जरा डोळ्यांसमोर आणा. बाहेर बर्फ, घरात साठीचा एक फिनिश आजोबा, चहाऐवजी कॉफी. सिगरेट सुटत नाहीये, आणि तपासणीला गेल्यावर त्याच्या हातात कॅप्सूलची पाकिटं पडतात. काहींच्या कॅप्सूलमध्ये ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई, काहींच्या २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, काहींच्या दोन्ही आणि काहींच्या नुसतीच खोटी गोळी, म्हणजे प्लासीबो. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. ना त्या आजोबाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. वर्षातून तीनदा हजेरी. पाच ते आठ वर्षं हे चाललं. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्या काहींच्या कातडीवर पिवळसर झाक आली, तेवढंच काय ते दिसण्यासारखं.

२० मिलिग्रॅम म्हणजे किती? कागदावर चारएक मध्यम गाजरं. मी हे वाचलं तेव्हा म्हटलं, यात काय घाबरायचं? पण मेख इथंच आहे. गाजरातलं बीटा-कॅरोटिन चोथ्यात अडकलेलं असतं, त्यातलं थोडंच रक्तात उतरतं. कॅप्सूलमधलं तेलात विरघळलेलं, सरळ उतरतं. या माणसांच्या रक्तात बीटा-कॅरोटिनची पातळी आधीच्या पंधरा पटींहून वर गेली. गाजर खाऊन इथपर्यंत कुणी पोचत नाही.

एप्रिल १९९३ मध्ये गोळ्या थांबल्या आणि आकडे उघडले. फुप्फुसाच्या कॅन्सरचे एकूण ८७६ नवे रुग्ण. बीटा-कॅरोटिन न घेतलेल्यांमध्ये ४०२. घेतलेल्यांमध्ये ४७४.

दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. म्हणजे जो गट वाचायला हवा होता, त्यात ७२ रुग्ण जास्त. १८ टक्के वाढ. एकूण मृत्यूही बीटा-कॅरोटिन घेतलेल्यांत ८ टक्के जास्त. व्हिटॅमिन ई नं फुप्फुसाचा कॅन्सर कमीही केला नाही, वाढवलाही नाही. त्या गटात प्रोस्टेटचा कॅन्सर कमी दिसला, पण मेंदूत रक्तस्राव होऊन मरणारे जास्त दिसले. हे प्रोस्टेटचं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मला त्या ७२ वर थांबायचंय. यातली वाईट गोष्ट अशी, की ते ७२ कोण हे कुणीच सांगू शकत नाही. ४७४ जणांमधल्या बहुतेकांना सिगरेटमुळे कॅन्सर तसाही झालाच असता. कुणाही एकाकडे बोट दाखवून 'याला गोळीनं झालं' असं म्हणता येत नाही. त्याच्या बायकोला वाटलं असणार, सिगरेटनंच नेलं. डॉक्टरलाही तेच वाटलं असणार. हजारो माणसं चिठ्ठ्या टाकून दोन बाजूंना उभी केली नसती, तर हे नुकसान कधी दिसलंच नसतं. आपल्याकडे म्हणतात ना, 'आमचे काका वीस वर्षं घेतायत, त्यांना काही झालं नाही'. काकांकडे बघून हे कळत नसतं, हाच तर प्रश्न आहे.

दुसरी एक गंमत. गंमत म्हणवत नाही खरं तर, पण सांगतो. याच फिनिश माणसांचं रक्त अभ्यासाच्या सुरुवातीला, गोळ्या द्यायच्या आधी तपासलं होतं. ज्यांच्या रक्तात तेव्हा आहारातून आलेलं बीटा-कॅरोटिन जास्त होतं, त्यांना पुढे कॅन्सर कमीच झाला. म्हणजे १९७० च्या दशकातल्या पाहण्या खोट्या नव्हत्या! तेच लोक, तोच पदार्थ. ताटातून आला तेव्हा चांगलं लक्षण, बाटलीतून आला तेव्हा उलटं. भाजी खाणारा माणूस आणखीही बरंच काही करत असतो. कदाचित सिगरेट जरा कमी ओढतो, दारू कमी पितो, वेळेवर जेवतो. बीटा-कॅरोटिन ही त्या सगळ्याची खूण होती. आपण खूणच उचलून गोळीत भरली.

एप्रिल १९९४ मध्ये हे छापून आलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. खुद्द संशोधकांनीही लिहिलं, की हा योगायोग असू शकतो. त्या वेळी अमेरिकेत सिएटलहून दुसरा अभ्यास चालू होता. नाव कॅरेट. हो, इंग्रजीतल्या गाजरासारखंच ऐकू येतं. त्यात १८,३१४ जण होते. सिगरेट ओढणारे, सोडलेले, आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले चार हजारांवर पुरुष. त्यांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि वर व्हिटॅमिन ए. फिनलंडची बातमी आल्यावरही अभ्यास चालू ठेवला. जानेवारी १९९६ मध्ये तो ठरल्यापेक्षा २१ महिने आधी बंद करावा लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त, मृत्यू १७ टक्के जास्त. आता योगायोग म्हणायला जागा उरली नाही.

अमेरिकेतल्याच २२,०७१ पुरुष डॉक्टरांच्या अभ्यासात काहींनी एक दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन बारा वर्षं घेतलं होतं. त्यांना फायदा नाही, तोटाही नाही. त्यांच्यात सिगरेटवाले फक्त ११ टक्के होते. म्हणजे गोळीनं घात केला तो नेमका अशांचा, ज्यांना ती सगळ्यात जास्त हवीशी वाटली असती.

मग १९९४ नंतर दुकानांतून बाटल्या गायब झाल्या असतील, नाही का? उलट झालं. १९९३ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात लागायची. रात्री एका घरात बंदूकधारी पोलीस घुसतात आणि एकाला पकडतात. पकडलेला कोण, तर हॉलिवूडचा मेल गिब्सन. गुन्हा काय, तर हातात व्हिटॅमिन सी. सरकार तुमची व्हिटॅमिन्स काढून घेणार अशी भीती त्यातून घातली होती. खासदारांकडे पत्रांचा पाऊस पडला. ऑक्टोबर १९९४ मध्ये, म्हणजे फिनलंडचा निकाल छापून आल्यावर सहाच महिन्यांत, अमेरिकेत कायदा झाला, की सप्लिमेंट हा औषध नव्हे, खाद्यपदार्थाचा प्रकार. बाजारात आणण्याआधी तो सुरक्षित आहे, उपयोगी आहे हे सिद्ध करायची गरज नाही. मधल्या काळात, ऑगस्ट १९९४ मध्ये, पाउलिंग वारला. वय ९३, आजार प्रोस्टेटचा कॅन्सर. व्हिटॅमिन सी मुळे तो झाला असं मुळीच म्हणायचं नाहीये, आणि ९३ हे काही कमी वय नाही.

आपल्याकडेही सप्लिमेंट अन्नाच्या कायद्यात येतं. विश्वास नसेल तर घरातली बाटली उलटी करून बघा, बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'औषधी वापरासाठी नाही'. मी बाबांच्या बाटलीवर वाचलं. वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला.

आता प्रोस्टेट. फिनलंडमध्ये व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर कमी दिसला होता. १९९६ मध्ये अमेरिकेत दुसरीकडे असं दिसलं, की रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांतही तो बराच कमी आहे. पण तो अभ्यास मुळात कातडीच्या कॅन्सरचा होता, प्रोस्टेटचं आपलं बाजूला दिसलं. या वेळी संशोधक घाई करायची नाही असं ठरवून बसले होते. २००१ पासून ३५,५३३ पुरुष घेतले, पन्नाशी-पंचावन्नच्या पुढचे, धडधाकट. अभ्यासाचं नाव सिलेक्ट. सेलेनियम, ४०० युनिट व्हिटॅमिन ई, दोन्ही किंवा प्लासीबो.

ऑक्टोबर २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, कारण फायदा दिसत नव्हता आणि व्हिटॅमिन ई च्या गटात कॅन्सरचे आकडे जरा वर सरकत होते. माणसांवर लक्ष ठेवणं चालू राहिलं. २०११ मध्ये चित्र स्पष्ट झालं. प्लासीबो गटात प्रोस्टेट कॅन्सरचे ५२९ रुग्ण, नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत ६२०. १७ टक्के जास्त. साध्या भाषेत, सात वर्षांत हजारामागे ६५ च्या जागी ७६. सेलेनियमचा फायदा झालाच नाही. २०१४ मध्ये अजून एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच पुरेसं होतं, त्यांनी वरून घेतल्यावर जास्त आक्रमक जातीच्या कॅन्सरचा धोका वाढला. भरल्या पोटी वाढत राहिलं की काय होतं ते आपल्याला पंगतीत कळतं, इथं कळायला पस्तीस हजार माणसं लागली.

बाकीचे त्रास भराभर सांगतो. पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांच्या अभ्यासात व्हिटॅमिन ई नं हृदयविकार टळला नाही. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या केसेस मात्र ३९ झाल्या, प्लासीबो घेणाऱ्यांत त्या २३ होत्या. व्हिटॅमिन ई जास्त प्रमाणात रक्त गोठू देत नाही, म्हणून आधीच रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर प्रकरण नाजूक होतं. स्वीडनमध्ये २३,३५५ पुरुषांची अकरा वर्षं पाहणी झाली. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या, म्हणजे १००० मिलिग्रॅमच्या आसपासच्या गोळ्या घेणाऱ्यांना मुतखडा साधारण दुप्पट झाला. ती चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, नुसती पाहणी होती, तेव्हा तिचं वजन जरा कमी धरा. पण शरीरात जादा व्हिटॅमिन सी चं काही अंशी ऑक्झलेट होतं, आणि मुतखडा बहुतेक त्याचाच असतो.

हे असं होतं का? हार्मनच्या गोष्टीत एक भोक होतं. त्यानं शरीराकडे रबरासारखं पाहिलं. रबराला फ्री रॅडिकल्सचा उपयोग काहीच नसतो, शरीराला असतो. पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला तेच वापरतात. एखादी पेशी बिघडली तर तिला संपवून टाकायची यंत्रणा काही प्रमाणात त्यांच्यावरच चालते. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी फुप्फुसात गाठी झालेल्या उंदरांना अँटिऑक्सिडंट दिले, तर गाठी जास्त वेगानं वाढल्या. कॅन्सरच्या पेशीलाही खवट व्हायचं नसतं हो! तिलाही संरक्षण आवडतं. जिमवाल्यांनो, तुमच्यासाठी पण आहे. २००९ मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. ज्यांना सोबत १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट ई दिलं, त्यांच्यात व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारायला हवं होतं ते सुधारलंच नाही. व्यायामात तयार होणारा तो 'कचरा' म्हणजे स्नायूंना दिलेला निरोप होता, आणि गोळीनं तो वाटेतच अडवला.

सिगरेट आणि बीटा-कॅरोटिनचं नेमकं काय बिनसतं, हे फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर बघितलं गेलं, कारण उंदीर बीटा-कॅरोटिन आपल्यासारखं शोषत नाहीत. धूर आणि मोठा डोस एकत्र दिल्यावर त्यांच्या फुप्फुसात कॅन्सरच्या वाटेवरचे बदल दिसले. धुरानं भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटिनचीच मोडतोड होते, आणि त्या तुकड्यांपासून त्रास होतो.

सगळंच वाईट असं मात्र नाही. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा एक आजार होतो, त्यात ठरावीक अँटिऑक्सिडंट आणि झिंक असलेलं मिश्रण खरंच उपयोगी पडतं. डॉक्टर लिहून देतात. पण त्या मिश्रणातून बीटा-कॅरोटिन काढून टाकलं, २०१३ मध्ये. कारण त्या अभ्यासात बीटा-कॅरोटिन मिळालेल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर दुप्पट झाला होता, आणि कॅन्सर झालेले जवळपास सगळे सिगरेट सोडलेले लोक होते.

हे वाक्य मी रात्री दीड वाजता वाचलं. सिगरेट सोडलेले. शेजारच्या खोलीत बाबा घोरत होते.

खरं सांगायचं तर सोडलेल्यांचं उत्तर सरळ नाही. अमेरिकेतल्या कॅरेट अभ्यासात वाढ दिसली ती सिगरेट चालू असलेल्यांत, सोडलेल्यांत नाही. डोळ्यांच्या अभ्यासात सोडलेल्यांतच दिसली. फिनलंडमध्ये दिवसाला वीसच्या पुढे ओढणारे आणि दारू जास्त पिणारे यांना फटका जास्त बसला. आणि बाबांच्या बाटलीत बीटा-कॅरोटिन होतं १० मिलिग्रॅम, फिनलंडच्या निम्मं. म्हणजे घाबरून ओरडत सुटावं असं काही नव्हतं. पण द्यावं असंही काही नव्हतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य समितीनं सगळे अभ्यास पुन्हा बघून सांगितलं, की कॅन्सर किंवा हृदयविकार टाळण्यासाठी बीटा-कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ई घेऊ नका. ज्या दोन गोष्टींसाठी मी ती बाटली पाठवली होती, त्याच दोन.

सकाळी चहा घेताना बाबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. आई पोहे परतता परतता म्हणाली, "मी म्हणतच होते, एवढी मोठी गोळी कशाला."

बाबा म्हणाले, "अरे, तूच दिलीस ना?"

"हो बाबा. मीच दिली."

"मग आता?"

मी म्हटलं, "आज डॉक्टरांना विचारू. बाकीच्या गोळ्या मात्र तुम्ही मनानं बंद करायच्या नाहीत, हां." कारण माझे बाबा एकदा बंद करायला लागले की सगळंच बंद करतात. तुमच्याही घरी असंच असेल तर हे वाक्य आधी सांगा, बाकीचा इतिहास नंतर. डॉक्टरांनी लेबल वाचलं, विचारलं हे कधीपासून चालू आहे, आणि आम्हाला याबद्दल आधी का नाही बोललात? बाबा म्हणाले, "ते औषध नाही ना, म्हणून." डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली, बाकीच्या गोळ्या तशाच चालू.

परत येताना रिक्षात बाबांनी एकच प्रश्न विचारला. "त्या फिनलंडवाल्यांनी गोळ्या बंद केल्यावर पुढे काय झालं?"

नशिबानं मी ते वाचलं होतं. संशोधक त्या माणसांच्या नोंदी बघत राहिले होते. बीटा-कॅरोटिन घेतलेल्यांमधला जादा धोका पुढच्या चार-सहा वर्षांत ओसरत गेला आणि दोन्ही गट सारखे झाले. हे २००३ मध्ये छापून आलं.

"चार-सहा वर्षं," बाबा म्हणाले. "मी तर सात महिनेच घेतल्या."

बाटलीत अजून ४१ कॅप्सूल होत्या. बाबांनी त्या मोजल्या आणि मला विचारलं, "परत घेतात का रे हे लोक?"

घेत नाहीत.